गुडघा, छाती, डोळे आणि पेताह तिकवा

घर कोणालाही निवडता येतं. नळ सोडून बघायचा, खिडकी ढकलून बघायची, भिंतीवर टिचकी मारायची, झालं. एरिया निवडायला मात्र डोकं लागतं, आणि ते डोकं इस्राएलमधल्या आमच्या अख्ख्या किर्यात मलाखी गावात फक्त बेझालेल झिराडकरकडे, म्हणजे माझ्याकडे आहे असं सगळी गल्ली म्हणत असे. निदान मी हे सांगत असताना कोणी नाही म्हणत नसे.

गोष्ट सत्त्याण्णव सालची. मी फॅक्टरीतून नुकता रिटायर झालो होतो आणि सगळ्यांना सल्ला द्यायला मोकळा होतो. आमची लेक ओशरात तेल अविवला चिकटून असलेल्या गिवातायिममध्ये राहत होती. हॉस्पिटलात नर्स, नवरा मेइर बँकेत, आणि घरात नुकती झालेली जुळी. जुळी म्हणजे काय ते ज्याने सांभाळलीत त्यालाच ठाऊक. एक झोपलं की दुसरं त्याला उठवायला उठतं. माझी बायको हाना आठवड्यातून दोनदा दोन बसा बदलून तिकडे जायची, हातात मच्छीच्या कालवणाचा डबा. त्या मार्गावरचे ड्रायव्हर तिला तोंड न बघता ओळखत. वास आला की आधी खिडक्या उघडत, मग दार.

जूनमधल्या एका संध्याकाळी ती परत आली, डबा ओट्यावर ठेवला आणि उभ्या उभ्या म्हणाली, "ऑक्टोबरात सुक्कोतच्या सणाआधी तेल अविवजवळ घर भाड्याने घ्यायचं. मी ठरवलंय."

"बघू," मी म्हणालो.

"बघू नाही. शिमोनला मी हे घर देऊन टाकलंय. तो सणाआधी सामान घेऊन येतोय. त्याच्या आत तुम्ही घर शोधलं नाहीत तर मी ओशरातच्या सोफ्यावर जाते आणि तुम्ही शिमोनबरोबर राहा."

शिमोन म्हणजे हानाचा धाकटा भाऊ, राहणार दिमोना. माणूस चांगला. पण त्याच्याबरोबर राहणं म्हणजे बटण तुटलेल्या रेडिओबरोबर राहणं. मी लगेच बूट घातले.

"आणि ओशरातला एक शब्द कळता कामा नये," हाना म्हणाली. लेक तिला हिब्रूत इमा म्हणते, म्हणजे आई. "ती म्हणेल, इमा, कशाला त्रास घेता. किल्ली हातात आली की सांगू."

"सांगू. पण एरिया मी निवडणार."

"निवडा. मी घर बघते, तुम्ही एरिया बघा."

आता तुम्ही विचाराल, त्यात निवडायचं काय, गिवातायिममध्येच का नाही घेतलं? अहो, जावयाच्या नाकासमोर? आमच्या कोकणातल्या झिराडला म्हणत, लेकीच्या घरी जावं, पण आपल्या घरी जेवून. जवळ हवं, पण खोकला ऐकू जाईल इतकं जवळ नको. म्हणजे बत याम, होलोन किंवा पेताह तिकवा. तिन्ही तेल अविवच्या आसपासची गावं, तिन्हीकडून गिवातायिमला बस. मेइरसारखी शिकलेली माणसं एरिया निवडताना पार्किंग बघतात, बालवाडी बघतात. मी म्हणतो, माणसं बघा. उद्या आपण आजारी पडलो तर दार कोण ठोठावणार?

आणि ते मोजायचं माप आम्हा बेने इस्राएल, म्हणजे कोकणातून आलेल्या मराठी ज्यू लोकांकडे पिढ्यान् पिढ्या आहे. मलीदा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोहे भिजवायचे, त्यात ओलं खोबरं, साखर, वेलची घालायची, वर खजूर, केळी, सफरचंद अशी फळं रचायची आणि परातीभोवती बसून एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे आमच्या एलिया प्रेषिताचं नाव घ्यायचं. घरात शुभ काम झालं, नवस फिटला, माणूस दुखण्यातून उठला की आम्ही मलीदा करतो. आमच्या लोकांना त्याला आमंत्रण लागत नाही. खोबरं खवल्याचा आवाज पुरतो. तर माझं शास्त्र असं: ज्या एरियात आपण कोणाला ओळखत नाही तिथे जायचं, मलीदा लावायचा, आणि नुसत्या कानोकानी बातमीवर किती माणसं येतात ते बघायचं. प्रार्थनेला लागतात तेवढे दहा पुरुष जमले की एरिया पास.

अडचण एकच. नवस फिटल्याशिवाय मलीदा करायचा म्हणजे मुलगा होण्याआधीच पेढे वाटायचे. हानाला कळलं असतं तर तिने मला त्या परातीत भिजत घातलं असतं. म्हणून मी एलियाहू हन्नाबीशी परस्पर बोलणी केली. म्हटलं, महाराज, हा अॅडव्हान्स समजा. घर मिळाल्यावर करायचा तो मलीदा मी आधी करतोय, एवढंच. त्यांनी हरकत घेतली नाही. मी ती संमती धरली.

बत यामपासून सुरुवात केली. एका रिकाम्या फ्लॅटच्या मालकाला म्हणालो, दुपारचं ऊन किती येतं ते बघायचंय, किल्ली द्या. पोहे घ्यायला आधी रमल्याला गेलो. तिथे लेआबाईचं आपल्या वस्तूंचं दुकान. पापड, कोकम, पोहे, सगळं मिळतं. त्यावर बातम्या फुकट. दिमोनापासून अश्केलोनपर्यंत जिथे जिथे आपला माणूस आमटी ढवळतो, तिथे तिथे त्याच्या नातेवाइकाची बातमी लेआबाईकडून जाते.

"किलोभर पोहे?" लेआबाईने चष्म्यावरून बघितलं. "मलीदा का, बेझालेलभाऊ? काय फिटलं?"

हा प्रश्न येईल हे माझ्या शास्त्रात नव्हतं.

"गुडघा," मी म्हणालो. खाली बघत होतो, तोच दिसला.

"अगं बाई. दुखत होता?"

"दुखत होता? लाकूड झालं होतं लाकूड. आता हे बघा." आणि मी दुकानात एक बैठक मारून दाखवली. उठताना हरभऱ्याच्या पोत्याला धरलं, पण तोवर तिने टेलिफोनकडे हात नेला होता.

पोहे, नारळ आणि पिशवीत लपवलेली हानाची विळी घेऊन मी बत याममध्ये दाखल झालो. इमारतींच्या पत्रपेट्या वाचत फिरलो. नावाच्या शेवटी 'कर' असलेलं दार दिसलं की ठोठावायचं आणि मलीद्याची बातमी द्यायची. पण त्या साली बत याममध्ये रशियातून आलेली माणसं इतकी होती की समुद्रसुद्धा रशियन बोलत असावा. चार गल्ल्यांत मला एक चेऊलकर सापडले, ते ठार बहिरे. मी गुडघ्याला हात लावून खाणाखुणा केल्या. त्यांनी आत जाऊन मला मलम आणून दिलं.

शेवटी मलीद्याला आले कोण? चेऊलकर, आणि वरच्या मजल्यावरचे दोन बुद्धिबळवाले रशियन. त्यांनी परात बघितली, एकमेकांत चर्चा केली, पोटभर खाल्लं आणि जाताना माझा हात हातात घेऊन मोडक्या हिब्रूत विचारलं, "कोण वारलं?"

बत याम नापास.

घरी आलो तर हाना ओट्याशी शोधाशोध करत होती. "माझी विळी कुठाय?"

"माझ्याकडे. नळाचं वॉशर कापायला नेली होती."

"विळीने वॉशर?"

"बत यामचे नळ फार कडक असतात."

पुढच्या आठवड्यात होलोन. लेआबाईकडे पुन्हा किलोभर पोहे. "आता काय फिटलं?" मी म्हणालो, "छाती. धाप लागत होती. आता घोड्यासारखा श्वास घेतो." तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मला आपोआप खोकला आला.

होलोनमध्येही तसाच एक रिकामा फ्लॅट मिळवला, आणि सहा पुरुष जमले. सुरुवात उत्तम. पण त्यांतल्या एका नागावकरांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "साखर? मलीद्यात गूळ घालतात." शेजारचे पेणकर म्हणाले, "तुमच्या नागावात घालत असतील. तुमच्याकडे उसाशिवाय होतं काय?" त्यावर नागावकरांनी पेणकरांच्या आजोबांच्या तेलघाण्याचा विषय काढला. मी म्हटलं, गृहस्थहो, घाणा साठ वर्षांपूर्वी बंद पडला, आपण समुद्र ओलांडून आलो. कोण ऐकतो? तिघे साखरेच्या बाजूचे जिन्याने गेले, तिघे गुळाच्या बाजूचे लिफ्टने. परातीपाशी मी एकटा उरलो.

होलोन नापास.

आणि मग हानाला घर सापडलं. पेताह तिकवाला, चौथ्या मजल्यावर. मालकीण नीलीबाई, बगदादच्या, जाडजूड आणि रोखठोक, खालच्याच मजल्यावर राहणाऱ्या. स्वयंपाकघराला रुंद खिडकी, मागे कपडे वाळवायला गॅलरी, आणि दारासमोर गिवातायिमची बस. हाना त्या खिडकीशी उभी राहिली आणि बराच वेळ काही बोलली नाही. माझ्या बायकोला मी लग्नाच्या मांडवातसुद्धा इतकी गप्प बघितली नव्हती. खिडकीच्या कडेवर तिने बोट फिरवलं आणि म्हणाली, "इथे मुलांना उभं करून बस दाखवता येईल. हेच घर."

"रविवारी सही करा," नीलीबाई म्हणाल्या. "तुम्ही दोघं म्हातारी, शांत माणसं दिसता. मला शांत माणसं हवीत."

"रविवारी येतो," हाना म्हणाली.

एखाद्या शहाण्या माणसाने तिथेच देवाचे आभार मानले असते. पण एरिया अजून पास कुठे झाला होता? मी नीलीबाईंना बाजूला घेतलं आणि म्हणालो, "गुरुवारी दुपारी मला किल्ली द्याल का? आमच्यात घरात पाऊल टाकण्याआधी थोडी प्रार्थना करतात."

"किती माणसं?"

"दहा," मी म्हणालो. "झालीच तर."

लेआबाईकडे तिसऱ्यांदा गेलो तेव्हा तिने मला काही न विचारता पोह्यांची पिशवी काढून ठेवली.

"दोन किलो द्या," मी म्हणालो. "गुरुवारी, पेताह तिकवाला. पत्ता लिहून देतो. तिकडच्या आपल्या माणसांना जरा सांगा."

"फिटलं काय आता?"

"डोळे."

ती गप्प झाली. लेआबाई गप्प होणं म्हणजे मुंबईचा भोंगा गप्प होणं. मग हळूच म्हणाली, "गुडघा, छाती, डोळे. बेझालेलभाऊ, एका महिन्यात? अहो, तुमचं राहिलं होतं काय? आणि हानाबहीण एक शब्द बोलली नाही. केवढं सोसलंत दोघांनी." तिने माझ्याकडून वेलचीचे पैसे घेतले नाहीत. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

गुरुवारी दुपारी मी रिकाम्या फ्लॅटमध्ये चादर अंथरली, परात मांडली, विळीवर बसून नारळ खवायला घेतला. पहिला नारळ संपतो तोच दोन पुरुष आले. मी मनात मोजलं, माझ्यासकट तीन. दुसऱ्या नारळाला सहा. तिसरा नारळ अर्धा झाला आणि दहावा माणूस दारात उभा राहिला. मी विळीवरून उठून त्याला मिठी मारली. तो बिचारा गोंधळला, पण मला त्याच्यात पेताह तिकवा दिसत होता. एरिया पास. पार्किंगवाल्यांनो, याला म्हणतात शास्त्र.

मग अकरावा आला. मग विसावा. मग मी मोजायचं सोडलं, कारण उभं राहून मोजायला जागा उरली नाही. जिना भरला. लिफ्ट एकदा वर आली ती आतल्या बायकांचं वजन सोसून पुन्हा खाली गेलीच नाही. दिमोनाहून माणसं आली, अश्केलोनहून आली, बेरशेवाहून एक आख्खं कुटुंब आजीला खुर्चीत बसवून घेऊन आलं. मान आखडलेला एक माणूस आला, तो सगळ्यांकडे एकाच बाजूने बघत होता. प्रत्येकाच्या तोंडी एकच: कुठे आहे तो, ज्याचा गुडघा, छाती आणि डोळे एका महिन्यात फिटले?

"मी," असं म्हणणं भाग होतं.

लोक माझ्या गुडघ्याला हात लावू लागले. बायका म्हणाल्या, "भाऊ, श्वास घेऊन दाखवा." मी घेतला. अश्केलोनच्या एका आजोबांनी खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन वर्तमानपत्र उघडलं आणि म्हणाले, "वाचा." आता चष्म्यासकट मला एवढ्या लांबून आजोबासुद्धा नीट दिसत नव्हते. मी पंतप्रधानांविषयी काहीतरी बोललो. पहिल्या पानावर ते असायचेच. आजोबांनी पेपर उलटून बघितला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

दोन किलो पोहे कधीच संपले. बेरशेवाच्या आजींनी खुर्चीतूनच हुकूम सोडला, "पोहे नाहीत तर जे आहे ते भिजवा." कोणीतरी खालच्या दुकानातून मक्याच्या कॉर्नफ्लेक्सचे खोके आणले. जगाच्या पाठीवर कॉर्नफ्लेक्सचा मलीदा पहिल्यांदा पेताह तिकवात झाला हे मी शपथेवर सांगतो. चव वाईट नव्हती. फक्त प्रार्थना चालू असताना शेकडो दाढांखाली कुरकुर ऐकू येत होती.

तेवढ्यात खाली भोंगा वाजला. गॅलरीतून बघितलं तर एक अख्खी भाड्याची बस उभी, आणि तिच्यातून आमची किर्यात मलाखीची गल्ली उतरत होती. सगळ्यांत शेवटी हाना.

ती चार जिने चढून आली. गर्दी आपोआप दुभंगली, कारण तिचा चेहरा बघून त्या मान आखडलेल्याचीसुद्धा मान वळली. ती माझ्यासमोर उभी राहिली, परातीतल्या कॉर्नफ्लेक्सकडे बघितलं, विळीकडे बघितलं.

"आज बाजारात सगळ्या बायकांनी माझे हात धरले," ती म्हणाली. "म्हणाल्या, नवऱ्याला डोळे परत मिळाले. अहो, दिसतंय ना आता?"

"दिसतंय."

"मग माझ्याकडे बघा."

मी बघितलं. न बघितलेलं बरं होतं.

त्याच वेळी नीलीबाई वर आल्या. जिन्यात त्यांना तीन वेळा कोणीतरी रांगेत मागे जायला सांगितलं होतं. त्या तोंड उघडणार तोच बेरशेवाच्या आजींनी त्यांना हाताला धरून बसवलं, ओंजळीत मलीदा ठेवला आणि म्हणाल्या, "मुली, खा. ह्या घरात मागितलेलं मिळतं. ह्या माणसाला तीनदा मिळालंय."

नीलीबाई खाऊ लागल्या. माझ्याकडे बघितलं, भिंतींकडे बघितलं, छताकडे बघितलं. आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर असा भाव आला, जसा आपल्याच माळ्यावर हंडा सापडलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर येतो.

"माझ्या घरात?" त्या म्हणाल्या.

"तुमच्याच."

"मग मी ते भाड्याने कशाला देऊ? माझी स्वतःची कंबर वीस वर्षं धरलीय. मीच वर राहायला येते."

खोलीत दोनशे माणसं होती, पण मला एकटीचाच श्वास ऐकू आला. हानाचा. तिने एकदा त्या रुंद खिडकीकडे बघितलं. मग मान ताठ केली, माझा दंड धरला आणि हिब्रूत, सगळ्यांना समजेल अशा आवाजात बोलली.

"ऐका. ह्या माणसाच्या गुडघ्याला कधी काही झालं नव्हतं. छातीला नव्हतं, डोळ्यांना नव्हतं. ह्याने कसला नवस केला नव्हता. हा खोटं बोलला. नीलीबाई, तुमचं घर चारचौघांसारखं साधं घर आहे. ते आम्हाला द्या."

मी मान खाली घातली. म्हटलं, गेली अब्रू, पण घर तरी वाचलं.

मग आजी हळूच म्हणाल्या, "बघा. इतका बरा झालाय की बायकोला दुखणं आठवतसुद्धा नाही."

बायकांच्या तोंडून एकदम "एलियाहू हन्नाबी" निघालं. दोघीतिघींना रडू आलं. नीलीबाईंनी उरलेला मलीदा डब्यात भरून मागितला आणि किल्ली माझ्या खिशातून स्वतःच्या हाताने काढून घेतली.

परतीच्या बसमध्ये हाना माझ्या शेजारी बसली, कारण दुसरी जागा नव्हती. मी म्हणालो, "घर गेलं खरं. पण एरिया पास झाला. एवढी माणसं."

"पेताह तिकवाचा एक दाखवा," ती म्हणाली.

"म्हणजे काय, सगळेच..."

"मी जिन्यात एकेकाला विचारलं, कुठून आलात. दिमोना, अश्केलोन, बेरशेवा, रमले. पेताह तिकवाचा एकच होता, तिसऱ्या मजल्यावरचा. तो आवाज बंद करा म्हणून सांगायला आला होता." तिने मागे वळून बसभर झोपलेल्या, डुलणाऱ्या, डब्यातला मलीदा खाणाऱ्या माणसांकडे बोट केलं. "बाकीचे हे. आपल्या गल्लीतले. तुम्ही आजारी आहात असं ऐकून कामं टाकून आलेले. तुमच्या शास्त्रात पास झालं असेल तर ते किर्यात मलाखी. आणि ते आपण शिमोनला दिलंय."

खिडकीबाहेर संत्र्यांच्या बागा मागे पळत होत्या. मी त्याच बघत राहिलो.

रविवारी हाना एकटी सकाळच्या बसने गेली. मला सांगितलं नाही, विळीही नेली नाही. संध्याकाळी परत आली आणि टेबलावर किल्ली ठेवली.

"कुठलं?"

"गिवातायिम. ओशरातच्या घरासमोर. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत कोण उभंय ते आपल्या खिडकीतून दिसतं."

"अगं, पण जावयाच्या नाकासमोर..."

"नाक त्याचं आहे, खिडकी माझी," ती म्हणाली. "पेट्या भरा."

एरिया निवडायला तिला एक दिवससुद्धा लागला नाही, हे मी चारचौघांत सांगत नाही. पेट्या भरल्या, दोऱ्या बांधल्या. शिमोन दिमोनाहून टेम्पो घेऊन आला. आमचं सामान बाहेर पडत असतानाच त्याने आपला रेडिओ आत नेऊन लावला. म्हणाला, "भावजी, काळजी करू नका, तुमचं घर मी माझ्या घरासारखं ठेवीन." मला दिमोनातलं त्याचं घर आठवलं आणि मी टेम्पोत बसलो.

गिवातायिमला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. हाना पेट्यांच्या मधून वाट काढत थेट स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेली. पदराने काच पुसली. ओशरातला हाक मारून चकित करायचं हे ती महिनाभर मनात घोळवत होती. मी मागून बघत होतो, की आता हसेल, आता हसेल.

"अहो," ती म्हणाली, "तिच्या खिडकीला पडदे का नाहीत?"

मी जाऊन बघितलं. समोरच्या स्वयंपाकघरात पडदे नव्हते, भांडी नव्हती. ओट्यावर खोकी होती, एकावर एक, दोरीने बांधलेली. आणि खोक्यांच्या मागे आमची लेक उभी होती, कडेवर एक, आणि आमच्याकडे अशी बघत होती, जणू तिने भूत बघितलं.

पाचव्या मिनिटाला ती आणि मेइर आमच्या दारात होते. एकेक मूल एकेकाकडे.

"इमा? अबा? तुम्ही इथे काय करताय?" ओशरात मराठी कमी बोलते, घाबरली की बोलते.

"आम्ही इथे राहायला आलो," हाना म्हणाली. "तुझ्याजवळ. तुम्ही खोकी कशाला बांधलीत?"

ओशरातने माझ्याकडे बघितलं आणि तिचे डोळे भरले. "वॉर्डात अश्केलोनच्या एक बाई होत्या. त्यांनी सांगितलं. अबाचा गुडघा, छाती, डोळे. सगळ्या गावाला ठाऊक आणि मला नाही. मी नर्स आहे, अबा. माझ्यापासून लपवलंत?"

"अगं, ते..."

"विचारलं असतं तर तुम्ही नाहीच म्हणाला असतात," मेइर हिब्रूत म्हणाला. मेइर कमी बोलतो, पण हिशेबाने बोलतो. "म्हणून विचारलं नाही. मी बदली मागून घेतली. ओशरातला अश्केलोनच्या हॉस्पिटलात काम मिळालं. तुमच्या मागच्या गल्लीत घर घेतलं, अंगणासकट. तिथे सही झाली. उद्या सकाळी ट्रक येतोय."

"मागच्या गल्लीत," मी म्हणालो. "किर्यात मलाखीला."

"तुमच्याजवळ," मेइर म्हणाला. "मी एरिया नीट बघितला. पार्किंग चांगलं आहे."

हाना खोलीच्या मध्ये उभी होती. तिने लेकीच्या हातातून मूल घेतलं, खांद्यावर टाकलं, पाठ थोपटली. दुसऱ्या हाताने नुकतीच सोडलेली एका पेटीची दोरी पुन्हा ओढून गाठ मारायला घेतली. एका हाताने जमेना, तर दाताने ओढली.

"बाकीच्या उघडू नका," ती मला म्हणाली. "शिमोनला फोन लावा."

खाली कोपऱ्यावर फोन होता. मी जाऊन लावला. मागे रेडिओ वाजत होता. मी शिमोनला सगळं समजावून सांगितलं, की सामान लावू नकोस, आम्ही परत येतोय. त्याने कधी नव्हे तो रेडिओ बंद केला. मग म्हणाला, "भावजी, दिमोनाचं घर मी विकलं. आता मी जाऊ कुठे?"

बिचाऱ्याचा आवाज इतका रडवेला होता की मला राहवलं नाही.

"त्याची काळजी तू करू नकोस," मी म्हणालो. "एरिया मी निवडून देतो."

त्याने फोन ठेवला. तेव्हापासून तो आमच्याबरोबर, किर्यात मलाखीच्या आमच्याच घरात, पुढच्या खोलीत राहतो.